कॅसेट संगणकावर घेतली आणि आवाज मागे पडला: व्हीएचएसवाल्यांच्या नेहमीच्या दुखण्यावर काय तपासायचं

आधी लक्षणं, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

व्हीएचएस, म्हणजे जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट, व्हीसीआरवरून (ती चालवणाऱ्या यंत्रावरून) टीव्हीवर नीट दिसते. संगणकावर घेतलेल्या फाइलचीही पहिली पाच-सात मिनिटं ठीक असतात. मग हळूहळू बिनसायला लागतं. अंतरपाट धरेपर्यंत भटजींचे ओठ आधी हलतात आणि 'सावधान' मागून येतं. वरातीपर्यंत ताशेवाल्याची काठी पडून वर गेलेली असते आणि 'तड्' नंतर वाजतं. याच्या जोडीला आणखी काही खुणा दिसतात. कॅसेट घड्याळ लावून ६२ मिनिटं चालली, पण फाइलमधलं चित्र तेवढं भरत नाही. मधेच क्षणभर पडदा निळा किंवा काळा होतो. चित्र थिजतं आणि एकदम पुढे उडी मारतं. वरची पट्टी वाऱ्यावरच्या झेंड्यासारखी एका बाजूला वाकते.

मी चिपळूणला असतो. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेट उतरवून देतो. माझ्याकडे येणाऱ्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा हीच असते, आणि येण्याआधी त्यांनी बहुतेक वेळा दुसरं डोंगल, म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल यूएसबीतून संगणकात घेणारी डबी, विकत घेतलेलं असतं. डोंगलचा दोष असतोही, पण खालची तपासणी होईपर्यंत खिशात हात घालू नका.

आधी मोजा, मग हात लावा

आवाज 'पुढे-मागे होतो' एवढ्यावर काही ठरत नाही. किती आणि कसा, ते लागतं. त्यासाठी फाइलमध्ये अशी जागा शोधा, जिथे आवाज आणि हालचाल एकाच क्षणी होतात. सिनेमावाले पाटी आपटतात. आपल्या लग्नात ते काम ताशा करतो. मंगलाष्टका संपून वाजंत्री सुरू होतात, तेव्हा कॅमेरा ताशेवाल्याकडे वळलेला असतोच. नारळ फोडताना, फटाका लागताना, टाळ्या पडतानाही चालेल. अशा तीन जागा काढा: एक सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची.

फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा. त्यात कीबोर्डवरच्या 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज मागे-पुढे सरकतो, एका दाबाला ५० मिलिसेकंद. काठी आणि 'तड्' जुळेपर्यंत दाबत जा आणि आकडा कागदावर लिहा. तिन्ही जागांचे आकडे मिळाले की दुखणं कोणतं ते तिथेच उघड होतं.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आला, समजा ३०० मिलिसेकंद, तर तुमचं नशीब चांगलं. आवाज फक्त उशिरा सुरू झालाय. एडिटिंगमध्ये आवाजाची पट्टी तेवढी सरकवा आणि जेवायला जा.

फरक एका चालीने वाढत गेला, म्हणजे अर्ध्या तासाला ०.९ सेकंद आणि तासाला १.८, तर आवाज आणि चित्र दोन वेगळ्या घड्याळांवर चाललेत.

आणि फरक पायऱ्यांनी वाढत असेल, म्हणजे दहाव्या मिनिटापर्यंत शून्य, अकराव्याला एकदम अर्धा सेकंद, मग विसाव्यापर्यंत तेवढाच आणि पुन्हा एक उडी, तर मधल्या फ्रेम, म्हणजे चित्र बनवणारे एकेक स्थिर फोटो, गळताहेत. कॅसेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त हेच होतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. म्हणजे एक फ्रेम गेली की चित्र ४० मिलिसेकंदांनी आखूड होतं आणि २५ गेल्या की एक सेकंद. आवाज मात्र अखंड भरत राहतो. चित्र आखूड, आवाज पूर्ण. म्हणून ओठ आधी आणि शब्द मागून. उलटं होत असेल, म्हणजे शब्द आधी आणि ओठ मागून, तर चित्र नाही, आवाजच तुटतोय. तेव्हा आधी यूएसबीची बाजू बघा.

फुकटात होणारी तपासणी

कॅसेट पुन्हा टीव्हीला लावून तीच ताशाची जागा बघा. मूळ कॅसेटमध्येच आवाज सरकलेला नाही ना? हसू नका. शूटिंगवाले तेव्हा दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर घेऊन कॅसेट बनवायचे. आपल्या हातात आली ती बहुधा कॉपी, कधी कॉपीची कॉपी. शिवाय हळद, रुखवत, पंगत या भागांवर त्यांनी सिनेमाची गाणी चढवलेली असतात. तिथे मुळात जुळणारं काही नाहीच. एक गृहस्थ दोन रात्री जागून पंगतीत वाढणाऱ्या काकूंचे ओठ जुळवत होते आणि वर वाजत होतं गाणं.

मग केबल. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. वर्षानुवर्षं पडून असलेल्या व्हीसीआरच्या पिनांवर, त्यातून आमच्या कोकणातल्या हवेत, गंज चढलेला असतो. पिन घालून चार-पाचदा डावी-उजवीकडे फिरवा आणि काढून कोरड्या फडक्याने पुसा. यात वेळ घालवण्याचं कारण असं: पिवळ्या तारेतून नुसतं चित्र जात नाही. प्रत्येक ओळ आणि प्रत्येक फ्रेम कुठे सुरू होते हे सांगणारा इशारा, म्हणजे सिंक, त्याच तारेतून जातो. टीव्ही असा अडखळता इशारा सांभाळून घेतो. डोंगलमधली चिप घेत नाही, ती फ्रेम सोडून देते.

डोंगल यूएसबी हबला लावलं असेल तर तिथून काढा आणि थेट संगणकाच्या पोर्टला लावा. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्कही असेल आणि फाइल तिच्यावरच लिहिली जात असेल, तर एकाच बोळातून दोन बैलगाड्या काढण्यासारखं आहे ते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीला झोपवणारा पर्याय असतो, तो बंद करा. लॅपटॉप चार्जरला लावा. अँटिव्हायरसचं स्कॅन आणि विंडोज अपडेट तेवढ्यापुरते थांबवा, आणि त्या तासात यूट्यूब बघत बसू नका.

फाइल नेमकी ४ जीबीला तुटत असेल तर डिस्क बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. त्या पद्धतीत एका फाइलची कमाल मर्यादाच तेवढी. एनटीएफएस करा, पण आधी त्यातलं सामान दुसरीकडे हलवा. फॉरमॅट केल्यावर ते उरत नाही.

सेटिंगमधली तीन ठिकाणं

पहिलं, पाल की एनटीएससी. भारतात भरलेली कॅसेट पाल: ६२५ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम, आणि संगणकावर ७२० बाय ५७६ चं चित्र. अमेरिकेतल्या भावाने तिकडे शूटिंग करून पाठवलेली कॅसेट एनटीएससी: ५२५ ओळी, सेकंदाला २९.९७ फ्रेम, चित्र ७२० बाय ४८०. ती फक्त पाल चालवणाऱ्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र लोळतं आणि आवाजाचा वेगही बदलतो. तिला मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागतो. आखातातून आलेले बरेच व्हीसीआर तसे असतात, मागे किंवा पुढे सिस्टीमचा खटका शोधा. त्यातही एक खोच आहे. काही व्हीसीआर एनटीएससी कॅसेट पाल टीव्हीवर दिसावी म्हणून मधलाच एक मिश्र सिग्नल काढतात. टीव्ही तो खातो, डोंगलला पचत नाही आणि चित्र काळं-पांढरं येतं. खटका शुद्ध एनटीएससीवर ठेवा आणि डोंगललाही तेच सांगा.

दुसरं, फ्रेमची संख्या. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणारे इथे हमखास अडकतात. त्यात सुरुवातीपासून ३० चा आकडा असतो. पाल कॅसेटसाठी तो २५ करा. ३० वर ठेवलं तर दर सेकंदाला पाच फ्रेम दुबार घालाव्या लागतात आणि चित्र ठेचकाळत चालतं.

तिसरं, आवाज. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा: डोंगलला, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. एका ठिकाणी ४४.१ राहिलं तरी मधलं सॉफ्टवेअर बहुधा बदल करून घेतं. पण जिथे घेत नाही, तिथे आवाज ८-९ टक्क्यांनी जलद किंवा मंद होतो, नवरदेव पोपटासारखा बोलायला लागतो. त्याहून मोठी चूक म्हणजे चित्र डोंगलमधून आणि आवाज संगणकाच्या माइकच्या भोकातून घेणं. तिथे दोन घड्याळं झालीच. साउंड कार्डाचं घड्याळ डोंगलच्या घड्याळाशी नेमकं जुळेल, याची खात्री कुणीच देत नाही. पांढरी-लाल पिनही डोंगललाच लावा. एका चालीने वाढणारा फरक बहुतेक वेळा इथेच मिटतो. तरी उरलाच, तर तासाला १.८ सेकंद म्हणजे ०.०५ टक्के. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो, म्हणजे आवाजाचा वेग, तेवढा बदला. कानाला कळतही नाही.

मी स्वतः व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून घेतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण किती फ्रेम आल्या, किती गळल्या, किती भरीला घातल्या याचे आकडे ते समोर चालू ठेवतं. 'ड्रॉप्ड'चा आकडा वाढला की मी घड्याळ बघून वहीत वेळ टिपतो. नंतर एडिटिंगला बसताना ती वही सोन्यासारखी वाटते.

कॅसेट आणि व्हीसीआर

इथपर्यंत होऊनही उड्या थांबत नसतील, तर दोष संगणकात नाही. इथून पुढे सबुरीने घ्या.

कॅसेटच्या मागच्या कडेवरची प्लॅस्टिकची छोटी चिपळी तुटलेली आहे का ते बघा. नसेल तर तोडा. ती तुटली की व्हीसीआर त्यावर रेकॉर्ड करू शकत नाही, आणि तुमच्या बोटाची चूक आईच्या लग्नावर भरली जात नाही. मग कॅसेट खिडकीपाशी धरा आणि आतलं रीळ तिरक्या उजेडात बघा. रिळाच्या कडांवर पांढरी भुकटी, जाळं, ठिपके दिसले तर इथेच थांबा आणि शेवटच्या भागाकडे जा. ती बुरशी आहे.

रीळ काळंभोर आणि गुळगुळीत असेल, तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पुन्हा पूर्ण मागे आणा. वीस-पंचवीस वर्षं एकाच ताणात गुंडाळून राहिलेली टेप कुठे घट्ट, कुठे सैल झालेली असते. पळवल्याने ताण सारखा होतो. पावसाळ्यात थंड खोलीतून काढलेली कॅसेट लगेच घालू नका, दोन-तीन तास तशीच ठेवा. टेपवर किंवा ड्रमवर, म्हणजे टेप ज्याला घासून जाते त्या फिरत्या दंडगोलावर, दमट हवेचं पाणी धरलं की टेप ड्रमला चिकटते.

आता ट्रॅकिंग. व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद. तिच्यावर चित्र तिरक्या पट्ट्यांनी लिहिलेलं असतं. ड्रम पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे फिरतो आणि त्यावरची हेडं, म्हणजे चित्र वाचणारी टोकं, या पट्ट्यांवरून जातात. दुसऱ्या व्हीसीआरवर भरलेल्या कॅसेटच्या पट्ट्या तुमच्या व्हीसीआरच्या हेडाखाली नेमक्या येतीलच असं नाही. थोडं सरकलं की खाली-वर मुंग्या येतात, आणि सिंक बिघडला की फ्रेम गळते. व्हीसीआर आपोआप जुळवतो, पण जुन्या कॅसेटवर त्याचा अंदाज चुकतो. ट्रॅकिंगचं बटण हाताने एकेक पायरी दाबा आणि मुंग्या सगळ्यात कमी दिसतील तिथे थांबा. हायफाय व्हीसीआर असेल तर कानही उघडा ठेवा. हायफाय आवाज त्याच फिरत्या हेडांवरून येतो, त्यामुळे ट्रॅकिंग चुकलं की तो गुरगुरतो. साधा आवाज टेपच्या वरच्या कडेवर वेगळा असतो, तो तेवढा बिघडत नाही. चित्राच्या अगदी तळाशी फडफडणारी काही ओळींची पट्टी मात्र ट्रॅकिंगने जात नाही. हेड बदलण्याची ती जागा असते, सगळ्याच व्हीएचएसमध्ये असते आणि टीव्हीच्या चौकटीआड लपायची. नंतर झाकून टाका.

प्रत्येक कॅसेटवर मुंग्या असतील तर हेड मळलंय. एकाच कॅसेटवर असतील तर कॅसेट. हे ठरवायला एक चांगली, बिनमहत्त्वाची कॅसेट जवळ ठेवा. माझ्याकडे कुणीतरी विसरून गेलेली क्रिकेट मॅच आहे.

हेड साफ करणं जमण्यासारखं आहे, पण प्लग काढून, आणि वीजपुरवठ्याच्या भागाला हात न लावता. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये दाब उरतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शामी कातड्याची पट्टी घ्या. ओली पट्टी ड्रमवर हलकेच आडवी टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. पट्टी वर-खाली घासायची नाही. हेडाचं टोक केसाएवढं असतं, उभं घासलं की तुटतं. कानातला कापूस तर अजिबात नको, त्याचा धागा हेडात अडकतो. पट्टीवर काळं-तपकिरी आलं की समजा मळ निघतोय. टेप ओढणारा रबरी रोलरही पुसा, पण अल्कोहोलने रबर कोरडं पडतं, त्याला ओलसर फडकं पुरे. आणि वाचून पोटात गोळा आला असेल, तर झाकण लावा. जुना टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करणारा माणूस गावात अजून असतो. हे त्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

मधे एक पेटी

सगळं स्वच्छ, ट्रॅकिंग जुळलेलं, तरी जिथे शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला तिथे तिथे उडी येतेच, अशी गत असेल तर व्हीसीआर आणि डोंगलच्या मधे सिग्नल सावरणारं काहीतरी हवं. खरं यंत्र म्हणजे टाइम बेस करेक्टर. ते महाग आणि दुर्मिळ. गरिबाचा उपाय म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर. डीव्हीडी प्लेअर नव्हे, रेकॉर्डरच. व्हीसीआर त्याच्या इनपुटला लावा, त्याचा आउटपुट डोंगलला. डिस्क घालायचीही गरज नाही. चित्र आतून जाताना तो सिंक नव्याने काढून देतो. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी ओळखले जातात. वाकणारी वरची पट्टी त्यांनी सरळ होते. असा रेकॉर्डर एखाद्याच्या माळ्यावर पडलेला असतो, नवा डोंगल घेण्याआधी नातेवाइकांत विचारून बघा. काही डिजिटल हॅन्डीकॅममधूनही, एव्ही-इन असेल तर, सिग्नल असाच पुढे काढता येतो.

डोंगल कधी कधी 'कॉपीला मनाई' असा संदेश देऊन थांबतं. घरच्या कॅसेटवर कसली आलीय मनाई! अस्थिर सिग्नल त्याला कॉपी रोखणाऱ्या खुणेसारखा वाटतो. मधल्या पेटीने तोही प्रश्न बहुधा सुटतो.

उरलेल्या उड्या एडिटिंगमध्ये

दोन-चार उड्या राहिल्याच, तर सगळी कॅसेट पुन्हा घेत बसू नका. वहीतल्या वेळेपाशी जा, तिथे चित्र आणि आवाज दोन्ही कापा, पुढचा तुकडा जुळवून बसवा. उडी बहुधा शॉट बदलतानाच असते, त्यामुळे काप कुणाला दिसतही नाही.

फाइल जुळलेली होती आणि एडिटिंगमध्ये घातल्यावर बिघडली, असं झालं तर फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये बघा. फ्रेमचा दर 'व्हेरिएबल' लिहिला असेल तर हॅन्डब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो स्थिर २५ करून घ्या. एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअरं बदलत्या दराने गोंधळतात.

शेवटची फाइल कशावर बघणार त्यावर ठरवा. डीव्हीडी करायची असेल तर चित्र इंटरलेस्डच, म्हणजे कॅसेटवर असतं तसं एक आड एक ओळींचं, राहू द्या, आणि साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर चांगल्या दर्जाचा तासभर भरा. तीन तास कोंबले की चेहरे मेणाचे होतात. पेनड्राइव्हवरून टीव्हीवर बघायचं असेल तर डीइंटरलेस करून, म्हणजे त्या ओळी एकत्र करून, एमपी४.

इथे थांबायचं

बुरशी लागलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. 'एकदाच बघतो'सुद्धा नाही. ती भुकटी हेडाला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. उघडून झटकूही नका, नाकातोंडात जाते. वेगळ्या पिशवीत घाला आणि टेप साफ करण्याची सोय असलेल्याकडेच द्या.

पुरात भिजलेली कॅसेट. इथे २००५ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात आला, त्यांना वेगळं सांगायला नको. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका, चालवून बघू नका. वरून कोरडी दिसली तरी आत वेटोळ्यांत गाळ असतो, आणि तो गाळ हेडावरून सॅण्डपेपरसारखा फिरतो.

टेप तुटली, चुरगळली, किंवा व्हीसीआरने खाल्ली आणि ओढून निघत नाही, तर ओढू नका. चालताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर ताबडतोब स्टॉप. आणि कॅसेट एकुलती एक असेल, गेलेल्या माणसाचा आवाज फक्त तिच्यातच असेल, तर वरचं एकही काम त्या कॅसेटवर शिकू नका.

व्यावसायिकाकडे देताना दोन गोष्टी आधी विचारा: बुरशीच्या कॅसेटसाठी वेगळा व्हीसीआर आहे का, आणि न कापलेली मूळ फाइल देणार का. दुसरा प्रश्न विसरलात तर तो हौसेने पंगतीवर पुन्हा नवीन गाणी चढवून देईल.